गर्भाशयाच्या कॅन्सरमध्ये ‘सेंटिनल नोड’: बिलात काय असतं, काय असायला हवं

गर्भाशयाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया ठरली की रुग्णालय हातात अंदाजपत्रक ठेवतं. खोली, थिएटर, भूल, सर्जन, औषधं या ओळी ओळखीच्या असतात. अलीकडे त्यांत आणखी एक ओळ दिसू लागली आहे: ‘एसएलएन मॅपिंग’, ‘आयसीजी’ किंवा नुसतंच ‘डाय चार्जेस’. समोरचा आकडा एका ठिकाणी तीन हजार, तर दुसरीकडे पन्नास हजार. मुलगा किंवा जावई बिलिंगच्या खिडकीत विचारायला जातो आणि ‘डॉक्टरांनी लिहून दिलंय’ एवढं ऐकून परत येतो.

या ओळीत नेमकं काय येतं आणि कशाला पैसे मोजावेत, ते इथे सांगतो. रंगाचं इंजेक्शन हा यातला सगळ्यात स्वस्त भाग आहे. खरा पैसा कॅमेऱ्याला, सर्जनच्या सरावाला आणि पॅथॉलॉजीला लागतो. काटकसर कुठेही करा, पॅथॉलॉजीत मात्र करू नका.

आधी प्रकार काय तो थोडक्यात. गर्भाशयात, गर्भाशयमुखावर किंवा योनिमुखावर कॅन्सर झाला की त्याच्या पेशी लसिकेच्या वाटेने जवळच्या गाठींमध्ये, म्हणजे लिम्फ नोडमध्ये जातात. पूर्वी ओटीपोटातल्या किंवा जांघेतल्या या गाठी सरसकट काढून तपासायचे. लसिका ज्या गाठीत सर्वांत आधी पोचते ती सेंटिनल नोड. ट्यूमरभोवती किंवा गर्भाशयमुखात रंग टोचायचा, तो वाहत कुठल्या गाठीत जातो ते पाहायचं आणि तीच गाठ काढून बारकाईने तपासायची. ती स्वच्छ निघाली तर पुढच्याही स्वच्छ असण्याची शक्यता फार मोठी, त्यामुळे बाकीच्या जागच्या जागी राहतात.

हे ऐकीव नाही. योनिमुखाच्या कॅन्सरवरचा युरोपातला मोठा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४ सेंटिमीटरपेक्षा लहान ट्यूमर असलेल्या स्त्रियांची फक्त सेंटिनल नोड काढली होती. त्यांच्यापैकी १.९ टक्के जणींच्या पायाला कायमची सूज आली, तर जांघेतल्या सगळ्या गाठी काढलेल्यांमध्ये हे प्रमाण २५.२ टक्के होतं. रुग्णालयातला सरासरी मुक्कामही जवळपास चौदा दिवसांवरून साडेआठ दिवसांच्या आत आला. गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरवरचा अमेरिकेतला ‘फायर्स’ अभ्यास २०१७ चा. त्यात या पद्धतीने गाठींतला फैलाव ९७.२ टक्के रुग्णांत अचूक पकडला. पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा कुणी सहसा सांगत नाही: दोन्ही बाजूंच्या सेंटिनल नोड जेमतेम ५२ टक्के स्त्रियांत सापडल्या होत्या. बिलाच्या दृष्टीने हा आकडा महत्त्वाचा आहे. त्याकडे पुढे येतोच.

कुणी या ओळीचे पैसे देऊच नयेत?

आपल्याकडे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बऱ्याच बायका उशिरा येतात. ट्यूमर मोठा असेल, बाजूच्या ऊतींत शिरला असेल किंवा स्कॅनमध्ये गाठी सुजलेल्या दिसत असतील, तर उपचार रेडिएशन आणि केमोचा. तिथे सेंटिनल नोड शोधून हाती काही लागत नाही. ही पद्धत लवकर सापडलेल्या, लहान ट्यूमरसाठी आहे. गर्भाशयमुखात २ सेंटिमीटरच्या आत ती सर्वांत भरवशाची. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये ती अजून रोजच्या उपचारांचा भाग झालेली नाही. तिथे कुणी सुचवली तर ती संशोधनाचा भाग आहे का ते विचारा, आणि असेल तर खर्च कोण करणार तेही.

रंगाचा खर्च

तीन प्रकार आहेत. सगळ्यांत स्वस्त निळा रंग, मिथिलीन ब्लू. अँप्यूल शंभर-दोनशे रुपयांच्या घरात मिळते आणि रंग डोळ्यांनीच दिसतो, कॅमेरा लागत नाही. पण हा रंग गाठी शोधण्यात कमी पडतो. २०१८ च्या ‘फिल्म’ अभ्यासात हिरव्या रंगाने ९७ टक्के नोड दाखवल्या, निळ्याने (तिथे वापरलेला रंग आयसोसल्फान ब्लू होता) फक्त ४७ टक्के.

दुसरा इंडोसायनिन ग्रीन, म्हणजे आयसीजी. आज बहुतेक ठिकाणी हाच वापरतात. डोळ्यांच्या पडद्याच्या तपासणीसाठी तो कितीतरी वर्षं वापरात आहे आणि मदुराईची ऑरोलॅब तो भारतातच बनवते, त्यामुळे ही परदेशातून मागवायची दुर्मीळ वस्तू आहे असं कुणी भासवलं तर विश्वास ठेवू नका. कुपी २५ मिलिग्रॅमची असते. नेहमीच्या पद्धतीत ती २० मिलिलिटर पाण्यात विरघळवतात आणि गर्भाशयमुखात दोन्ही बाजूंना मिळून साधारण ४ मिलिलिटर टोचतात. एका बाजूला रंग चढला नाही म्हणून पुन्हा टोचावं लागलं, तरी तीच कुपी पुरते. बिलात दोन-तीन कुप्या लावलेल्या दिसल्या तर कारण विचारा. कुपीची किंमत हजाराच्या आसपासपासून काही हजारांपर्यंत धरा. एकदा विरघळवलेली कुपी काही तासांतच वापरावी लागते आणि ती दुसऱ्या पेशंटला वापरत नाहीत, म्हणून पूर्ण कुपीचे पैसे लावणं मात्र रास्त आहे.

तिसरा किरणोत्सारी टेक्नेशियम. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी न्यूक्लिअर मेडिसिन विभागात तो टोचतात, गामा कॅमेऱ्याने चित्र काढतात आणि मग थिएटरमध्ये गामा प्रोब गाठीजवळ नेली की ती टिकटिकते. त्याची शक्ती दर सहा तासांनी निम्मी होते. योनिमुखाच्या कॅन्सरमध्ये हा आणि निळा रंग एकत्र वापरण्याची पद्धत जुनी आणि पक्की आहे. यात इंजेक्शन, स्कॅन आणि प्रोब मिळून खर्च काही हजारांनी वाढतो आणि ज्या रुग्णालयात न्यूक्लिअर मेडिसिन नाही तिथून पेशंटला दुसरीकडे नेऊन आणावं लागतं. रिक्षा-टॅक्सीचे पैसेही त्यातच धरा.

कॅमेरा आणि रोबो

आयसीजी साध्या उजेडात दिसत नाही. त्यासाठी इन्फ्रारेड कॅमेरा लागतो आणि तीन हजारांचे पन्नास हजार होतात ते इथे. काही रुग्णालयांत हा कॅमेरा लॅप्रोस्कोपीच्या यंत्रातच असतो आणि वेगळे पैसे घेत नाहीत. काही ठिकाणी तो बाहेरून भाड्याने येतो, त्याचं भाडं बिलात येतं. रोबोमध्ये तो आतच बसवलेला असतो, पण रोबोचेच पैसे वेगळे, एक-दोन लाखांच्या घरात. मुंबई-पुण्यातल्या मोठ्या खासगी रुग्णालयांत गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया ढोबळमानाने दोन ते साडेचार लाखांत होते. रोबो घेतला की वर जाते. आकडे खोलीनुसार आणि सर्जननुसार हलतात, पण अंदाज यायला पुरेसे आहेत.

अस्तराच्या कॅन्सरमध्ये दुर्बीण असो की रोबो, सेंटिनल नोड दोन्हींनी सापडते. रोबोसाठी कर्ज काढण्याची गरज मला दिसत नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची गोष्ट आणखी वेगळी आहे. २०१८ च्या ‘लॅक’ अभ्यासात दुर्बीण किंवा रोबोने केलेल्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर कॅन्सर परत येण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा जास्त आढळलं. तेव्हापासून पोट उघडून करणं हीच तिथली मान्य पद्धत आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी कुणी रोबोचं पॅकेज पुढे केलं तर ‘लॅकनंतरही का?’ असं सरळ विचारा. पोट उघडून शस्त्रक्रिया असेल तर उघड्या पोटावर चालणारा इन्फ्रारेड कॅमेरा त्यांच्याकडे आहे का, नसेल तर कोणता रंग वापरणार, हे विचारणं ओघानेच आलं.

आता त्या ५२ टक्क्यांकडे. एका बाजूची सेंटिनल नोड सापडली नाही, तर नियम असा की त्या बाजूच्या गाठी पूर्ण काढायच्या. शिवाय जी गाठ सुजलेली दिसेल ती, रंग असो नसो, काढायचीच. म्हणजे शस्त्रक्रिया लांबू शकते, थिएटरचे तास वाढतात. म्हणून अंदाजपत्रकात दोन आकडे लिहून घ्या: दोन्ही बाजूंना सापडली तर किती आणि एका बाजूला पूर्ण काढावं लागलं तर किती. सर्जनला आणखी एक विचारा: तुमच्या हातून दोन्ही बाजूंची सेंटिनल नोड साधारण किती जणींत सापडते? सराव असलेला सर्जन हे न चिडता सांगतो.

पॅथॉलॉजी: जिथे हात आखडू नये

साध्या तपासणीत गाठ कापून एक-दोन स्लाइड पाहतात. सेंटिनल नोडसाठी अल्ट्रास्टेजिंग लागतं: गाठीचे साधारण २ मिलिमीटरचे काप, प्रत्येक कापातून वेगवेगळ्या खोलीवरच्या अनेक स्लाइड आणि काहींना सायटोकेरॅटिनचा खास रंग, म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री. यातून ०.२ ते २ मिलिमीटर आकाराचे छोटे फैलाव सापडतात, जे साध्या तपासणीत निसटतात. एक किंवा दोनच गाठी काढायच्या आणि त्या नेहमीसारख्याच पाहायच्या, तर गाठी कमी काढून फायदा काय? पॅथॉलॉजीची क्षमता नसलेल्या ठिकाणी महागडा कॅमेरा असणं म्हणजे लग्नाला बँड आहे, भटजी नाही.

खर्चाचा अंदाज असा: इम्युनोच्या एका मार्करला खासगी प्रयोगशाळेत साधारण हजार ते तीन हजार रुपये. दोन्ही बाजूंच्या दोन-तीन गाठी आणि त्यांचे ब्लॉक धरले तर अल्ट्रास्टेजिंगला आठ-दहा हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत लागू शकतात. इथे एक गल्लत होते. अस्तराच्या कॅन्सरमध्ये मूळ ट्यूमरवरही एमएमआर, पी५३ वगैरे इम्युनो तपासण्या करतात. त्याही आवश्यकच, कारण पुढचा उपचार त्यांवर ठरतो. पण बिलात दोन्हींसमोर ‘आयएचसी’ एवढंच येतं. कुठली आयएचसी ट्यूमरची आणि कुठली गाठींची, हे लिहून मागा. कारण कधी कधी ट्यूमरचं इम्युनो झालेलं असतं आणि गाठींचं झालेलंच नसतं.

रिपोर्ट हातात आला की एक ओळ शोधा. त्यात ‘उजवी बाह्य इलियाक सेंटिनल नोड: १, अल्ट्रास्टेजिंग केले, सायटोकेरॅटिन निगेटिव्ह’ अशा अर्थाचं काही लिहिलेलं असायला हवं, आणि डावीकडचंही तसंच वेगळं. ‘गाठीची ऊती आढळली नाही, फक्त चरबी’ असं लिहिलं असेल तर त्या बाजूची सेंटिनल नोड मिळालीच नाही असं धरतात. तेव्हा सर्जनशी बोला. ‘आयटीसी’ म्हणजे एकाकी कॅन्सर पेशी हा शब्द दिसला तर घाबरून जाऊ नका, तो पॉझिटिव्हच्या हिशोबात धरत नाहीत. ‘मायक्रोमेटास्टॅसिस’, म्हणजे वर सांगितलेले ०.२ ते २ मिलिमीटरचे फैलाव, मात्र धरतात.

फ्रोजन, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असतानाच गाठ गोठवून पाहणं, दर वेळी लागत नाही. अस्तराच्या कॅन्सरमध्ये गाठ दिसायला ठीक असेल तर कित्येक ठिकाणी करत नाहीत, कारण गोठवताना थोडी ऊती वाया जाते. गर्भाशयमुखात टेबलावरच निर्णय बदलू शकतो, तिथे उपयोगी ठरतं. त्याचे काही हजार रुपये वेगळे असतात.

पैसे कुठून उभे करायचे

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता पांढऱ्या रेशन कार्डाचाही समावेश आहे आणि मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपये आहे. रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी तिथे जा. योजनेचं पॅकेज शस्त्रक्रियेचं असतं आणि ते रोकडविरहित असतं. पॅकेज मंजूर झाल्यावर ‘आयसीजी बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी हातात आली तर पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राला दाखवा. तिथे दाद लागली नाही तर १५५३८८ हा हेल्पलाइन क्रमांक आहे. मात्र अल्ट्रास्टेजिंग पॅकेजमध्येच करून देणार का, हे भरती होण्याआधी विचारा, नंतर नाही. गोव्यातल्या वाचकांसाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आणि बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज आहे.

धर्मादाय रुग्णालयांची सवलत लोक विसरतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक नुसार अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी वर्षाला १ लाख ८० हजार आणि दुर्बलांसाठी ३ लाख ६० हजार. तहसीलदारांचा दाखला जवळ ठेवा आणि बिलिंगकडे न जाता आधी समाजसेवा विभागाकडे, म्हणजे एमएसडब्ल्यूकडे जा. नावात ‘ट्रस्ट’ किंवा ‘फाउंडेशन’ असलेली कित्येक चकचकीत रुग्णालयं या कायद्याखाली येतात.

परळच्या टाटा रुग्णालयात जनरल आणि प्रायव्हेट असे दोन वर्ग आहेत. जनरलमध्ये खर्च बाहेरच्या मानाने फारच कमी. किंमत मोजावी लागते ती वेळेत, रांगांमध्ये. बाहेरगावच्यांना राहण्याचा प्रश्न पडतो, त्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती आहे, पण जागा लगेच मिळेल असं धरू नका. विदर्भातल्यांनी नागपूरची राष्ट्रसंत तुकडोजी आणि नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, सोलापूर-मराठवाड्यातल्यांनी बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कॅन्सर रुग्णालय आधी पाहावं. मात्र फोन करून आयसीजी कॅमेरा आणि अल्ट्रास्टेजिंग दोन्हींची चौकशी करूनच निघा. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला आणि एका सोबत्याला भाड्यात सवलत आहे, एसटीत स्त्रियांना अर्धं तिकीट तर आहेच.

मेडिक्लेम असेल तर खोलीच्या भाड्याकडे बघा. समजा पॉलिसी ५ लाखांची आणि खोलीची मर्यादा रोजची १ टक्का, म्हणजे ५ हजार. तुम्ही ८ हजारांची खोली घेतली. वरचे ३ हजार रोज खिशातून गेले, हे लोकांना समजतं. पण बऱ्याच पॉलिसींत सर्जन, भूल आणि थिएटरचे पैसेही त्याच प्रमाणात कापतात. ते २ लाख ४० हजार झाले असतील तर कंपनी आठात पाच भागच देईल: दीड लाख. उरलेले ९० हजार तुमचे. आईला खिडकीजवळची खोली हवी म्हणून घेतलेला हा निर्णय आयसीजी, कॅमेरा आणि अल्ट्रास्टेजिंग या तिन्हींपेक्षा महाग पडू शकतो. रोबोची शस्त्रक्रिया विमा कंपनीला वगळता येत नाही, पण तिला वेगळी मर्यादा लावता येते. पॉलिसीचं ते पान उघडून बघा. कॅशलेसच्या अर्जात सेंटिनल नोड आणि अल्ट्रास्टेजिंग हे दोन्ही शब्द सर्जनकडून लिहून घ्या. नंतर ‘हे मंजुरीत नव्हतं’ असा वाद होत नाही.

थिएटरमध्ये जाण्याआधी

भूलतज्ज्ञांना काही गोष्टी न विसरता सांगा. आयसीजीत आयोडाइड असतं, त्यामुळे आयोडिनची अ‍ॅलर्जी असेल तर ते सांगा. निळ्या रंगाच्या बाबतीत, नैराश्याच्या काही गोळ्या चालू असतील तर मिथिलीन ब्लूशी त्यांचा घातक संयोग होऊ शकतो. घरात या गोळ्या लपवून घेतल्या जातात, पण इथे लपवू नका. जी६पीडी नावाच्या द्रव्याची कमतरता असेल तरी मिथिलीन ब्लू चालत नाही. शस्त्रक्रियेनंतर लघवी निळी-हिरवी झाली तर तो रंगच आहे, एक-दोन दिवसांत जातो.

गाठी कमी काढल्या तरी पायाला सूज येणारच नाही असं नाही, शक्यता खूप कमी होते एवढंच. एक पाय जड वाटला, सॅंडल घट्ट होऊ लागली, तर वाट न पाहता दाखवा. सूज वाढली की दाबाचे मोजे कायमचे मागे लागतात: एक जोड काही हजारांचा, काही महिन्यांनी ढिला पडतो आणि नवा घ्यावा लागतो. पुढची दहा-पंधरा वर्षं धरून हिशोब मांडला तर सेंटिनल नोडचा खर्च कुठल्या कुठे राहतो.

घरी जाताना डिस्चार्ज कार्डाबरोबर पॅथॉलॉजीचा पूर्ण रिपोर्ट घ्या, आणि गाठींचे व ट्यूमरचे ब्लॉक कुठे ठेवलेत, कोणत्या क्रमांकाने, ते लिहून घ्या. दुसरं मत घ्यायला गेलात तर टाटा किंवा कुठलंही मोठं केंद्र सगळ्यात आधी तेच मागतं.